नाण्यांचा क्रम लावणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

नाणी जमविण्याचा नाद असलेली दोन-चार मुले प्रत्येक शाळेत सापडतातच. अशा एखाद्या मुलाची वही उघडून पाहिली, तर नाण्याच्या चित्राखाली किंवा कागदी पाकिटावर काही अक्षरे व आकडे लिहिलेले दिसतात. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाखाली ‘केएम ५२४’ असे लिहिलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांना हा काय प्रकार आहे ते कळत नाही. काही पालकांना तर तो रुपयाचा भाव वाटतो!

तो भाव नव्हे, तो नाण्याचा यादीतील क्रमांक होय. अमेरिकेतील क्रॉज आणि मिश्लर या दोन गृहस्थांनी १९७२ साली जगभरच्या नाण्यांची एक मोठी सूची प्रसिद्ध केली व प्रत्येक जातीच्या नाण्याला एक आकडा दिला. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजे ‘केएम’. त्यापूर्वी योमन आणि क्रेग यांच्या सूच्या वापरात होत्या, म्हणून जुन्या वह्यांतून ‘वाय’ आणि ‘सी’ ही अक्षरे आढळतात. अशा क्रमांकाचा उपयोग काय, हे रुपयाच्याच उदाहरणावरून समजेल. १९११ साली पंचम जॉर्जचा जो पहिला रुपया निघाला, त्यावर राजाच्या पोशाखावरील हत्तीचे चित्र इतके ओबडधोबड होते, की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. हिंदू आणि मुसलमान दोघेही नाराज झाले. सरकारला ती नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड व पाय सुधारून नवा ठसा वापरण्यात आला. सूचीत पहिल्या रुपयाचा क्रमांक ५२३ आणि सुधारलेल्या रुपयाचा ५२४. कोल्हापूरच्या मुलाने लंडनच्या व्यापाऱ्याला नुसता आकडा लिहून कळविला, तरी कोणता रुपया हे त्याला नाणे न पाहता समजते.

पण रुपयाची गोष्ट सोपी आहे. त्यावर राजाचे नाव आहे, साल आहे, किंमत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्याला क्रमांक कसा द्यायचा? ज्यावरील लिपी वाचता येत नाही, साल असलेच तर कोणत्या चिन्हांत लिहिले आहे ते ठाऊक नाही, राजा कोण हे कोणत्याही बखरीत नाही, त्या नाण्याला यादीत आधी बसवायचे की नंतर? क्रमांक घालणे हे शेवटचे काम आहे. त्याआधी कोणीतरी ती नाणी वाचून, बाप कोण आणि मुलगा कोण हे ठरवून, रांगेत लावावी लागतात. पश्चिम हिंदुस्थानातील प्राचीन नाण्यांच्या बाबतीत हे काम ज्यांनी केले, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे चरित्र आज आमच्या पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे. आपल्या कोल्हापूरच्या जुन्या नाण्यांशीही त्यांचा संबंध आला होता, हे आणखी एक कारण.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली काठेवाडातील जुनागढ येथे झाला. जुनागढ हे त्या वेळी मुसलमान नबाबाचे संस्थान होते. घराणे नागर ब्राह्मणाचे, संस्कृत व वैद्यक शिकलेले, परंतु श्रीमंत नव्हे. मुलाला घरच्या पद्धतीने संस्कृत आणि आयुर्वेद शिकविण्यात आला. इंग्रजी शाळेचे शिक्षण असे त्याला मिळालेच नाही, आणि पुढेही ती भाषा त्यांना सफाईने बोलता वा लिहिता आली नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण त्यांच्या आयुष्यातील यश आणि अन्याय दोन्ही तिच्याशी बांधलेले आहेत.

जुनागढहून गिरनार पर्वताकडे जाताना वाटेत एक प्रचंड शिळा लागते. त्या एकाच शिळेवर तीन काळांचे लेख कोरलेले आहेत. सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामन याचा इ. स. १५० च्या सुमारासचा संस्कृत लेख, आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातील लेख. गावातील लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या शिळेवरून जात-येत होते, पण त्यावर काय लिहिले आहे हे कोणासही सांगता येत नव्हते. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने अशोकाच्या लिपीचा उलगडा केला. हा प्रिन्सेपही नाण्यांचाच अभ्यासक! त्याने तयार केलेल्या अक्षरांचा तक्ता फिरत फिरत जुनागढला आला आणि पोरवयातील भगवानलालच्या हाती पडला. तक्ता अपुरा होता. मुलगा तो घेऊन शिळेपाशी जाऊ लागला. एकेक अक्षर ताडून पाहावे, चुकले तर पुन्हा जावे, असा क्रम सुरू झाला. शेवटी रुद्रदामनचा लेख त्याला वाचता येऊ लागला. सुदर्शन नावाच्या तलावाचा बांध फुटला आणि तो पुन्हा बांधून घेतला, अशी हकिकत त्या लेखात आहे. ज्या घराण्याच्या नाण्यांसाठी या मुलाने पुढे आयुष्य वेचले, त्याच घराण्याचा हा राजा.

काठेवाडात त्या काळी फोर्ब्स नावाचे एक विद्याप्रेमी इंग्रज अधिकारी होते. गुजरातच्या इतिहासावरील ‘रासमाला’ या ग्रंथाचे ते कर्ते. या मुलाची हुशारी त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे त्याची शिफारस केली. डॉ. भाऊ दाजी हे मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे, मुंबईतील नामांकित डॉक्टर, पुढे शहराचे शेरीफ झालेले, आणि शिलालेख व नाणी यांचे गाढे अभ्यासक. त्यांना लेण्यांतून हिंडून लेखांचे बिनचूक ठसे घेणारा माणूस हवा होता. १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले आणि पुढची बारा-तेरा वर्षे त्यांच्या पदरी राहिले.

ही वर्षे हिंडण्याची होती. अजिंठा, नाशिक, कार्ले, जुन्नर येथील लेण्यांतून त्यांनी लेख उतरून घेतले. मग उत्तरेकडे मोठा प्रवास केला. मथुरा, काशी, बिहार, ओरिसा, पेशावरजवळील शाहबाजगढी, आणि शेवटी नेपाळ. रेल्वे सर्वत्र नव्हती. बैलगाडी, घोडे आणि बहुतेक पायपीट. जाईल तेथे ते सराफकट्ट्यावर जात. ज्यांना जुन्या नाण्यांचा अनुभव आहे त्यांना हे चटकन पटेल, की जुने नाणे शेतात सापडते, शेतकऱ्याकडून सराफाकडे येते आणि सराफाच्या मुशीत वितळून जाते. मुशीत पडण्यापूर्वी जे हाती लागेल तेच इतिहासाचे. भगवानलालांनी असे एकेक नाणे थोड्या पैशांत घेऊन आपला संग्रह वाढविला. मथुरेत त्यांना एका शीतलादेवीच्या देवळाच्या पायरीत चिणलेले सिंहांचे शिल्प दिसले. त्यावर शक क्षत्रपांचे लेख होते. तेही त्यांनी मिळविले.

त्यांनी वाचलेले लेख डॉ. भाऊ दाजी इंग्रजी निबंधांतून एशियाटिक सोसायटीपुढे मांडीत. निबंध डॉक्टरांच्या नावाने छापून येत. लेण्यात उभे राहून ठसा घेणाऱ्याचे नाव क्वचितच बाहेर येई. त्या काळी पगारी साहाय्यकाच्या बाबतीत हीच रीत होती, आणि भाऊ दाजींनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागविले हेही खरे. भगवानलालांनी आयुष्यभर त्यांना गुरूच मानले. तरीसुद्धा या काळातील कोणता शोध कोणाचा, हे आज नेमके सांगणे कठीण झाले आहे, आणि मला तरी ती रीत न्यायाची वाटत नाही.

१८७४ साली डॉ. भाऊ दाजी वारले. भगवानलाल नेपाळच्या प्रवासाहून परतले तेव्हा त्यांचे छत्र हरपले होते. वय पस्तिशीचे, पदवी नाही, इंग्रजी नाही, नोकरी नाही. जवळ होते ते ठशांचे गठ्ठे, नाण्यांच्या पिशव्या आणि डोक्यातील लिपीचे ज्ञान. संस्कृतचे जर्मन पंडित डॉ. ब्यूलर त्या वेळी मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यात होते. त्यांनी या माणसाची किंमत ओळखली. भगवानलाल आपले निबंध गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर त्यांचे इंग्रजी भाषांतर करीत. पुढे गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनीही हेच केले. नेपाळातील तेवीस शिलालेखांवरील निबंध १८८० साली असाच बाहेर आला. आता लेखावर नाव त्यांचे स्वतःचे होते, आणि लंडन, व्हिएन्ना, लेडन येथील पंडित ते वाचीत होते. मुंबईत वाळकेश्वरला बसून गुजरातीत लिहिणाऱ्या या वैद्यपुत्राला हॉलंडमधील लेडन विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली.

नाण्यांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते नाण्यांवर नव्हतेच. ते आकड्यांवर होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील गुहेत सातवाहनांच्या राणीचा मोठा लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनी केलेली आहे. त्या काळी शून्य वापरात नव्हते. एक ते नऊ यांना निराळी चिन्हे, दहा, वीस, तीस यांना निराळी, शंभराला निराळे. दोनशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला एक रेघ जोडायची, तीनशेला दोन रेघा. ही पद्धत भगवानलालांनी नाणेघाट, नाशिक आणि इतर ठिकाणच्या लेखांची तुलना करून उलगडून दाखविली.

आता ही किल्ली क्षत्रपांच्या नाण्यांना लावून पाहा. क्षत्रपांचे नाणे चांदीचे, आपल्या जुन्या दोन आणेलीहूनही लहान, वजन सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचा मुखवटा आणि भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य, आणि भोवती ब्राह्मी लिपीत मजकूर. अमुक महाक्षत्रपाचा पुत्र तमुक क्षत्रप, अशा धर्तीचा. ठसा नाण्याहून मोठा असल्यामुळे अक्षरांच्या वरच्या मात्रा व वेलांट्या पुष्कळदा नाण्याबाहेर जातात आणि नाव अर्धवट राहते. मात्र सुरुवातीचे काही राजे सोडले, तर राजाच्या मस्तकामागे बारीक चिन्हांत वर्ष कोरलेले असते. शंभर, पन्नास आणि तीन अशी चिन्हे असली की वर्ष झाले १५३. हा शक संवत् असल्याने त्यात ७८ मिळविले की इसवी सन २३१. आपल्या पंचांगात अजूनही चालतो तोच हा शक.

बापाचे नाव आहे, मुलाचे नाव आहे, वर्ष आहे. मग काम सोपे, असे कोणी म्हणेल. पण या घराण्यातील वारसा सरळ नव्हता. राजा मेल्यावर मुलाऐवजी धाकटे भाऊ क्रमाने गादीवर येत आणि सर्व भाऊ संपल्यावर पुढच्या पिढीची पाळी येई. शिवाय थोरला महाक्षत्रप आणि धाकटा क्षत्रप हे दोघेही एकाच वेळी आपापल्या नावाने नाणी पाडीत. एकच माणूस आधी क्षत्रप म्हणून आणि नंतर महाक्षत्रप म्हणून नाण्यावर दिसतो. त्यात रुद्रसेन, रुद्रसिंह, दामसेन अशी एकसारखी नावे. ही सर्व गुंतागुंत भगवानलालांनी वर्षांच्या आकड्यांवरून सोडविली. तीनशे वर्षांचे एक राजघराणे, ज्याची बखर नाही, वंशावळ नाही, ते नाण्यांच्या रांगेतून उभे राहिले. आजच्या विद्यार्थ्याने वहीत भाऊ-भावांची नावे आणि वर्षे मांडून हे कोडे स्वतः सोडवून पाहावे. गणिताच्या तासाला यासारखा खेळ नाही.

कोल्हापूरच्या नाण्यांचा प्रश्न मात्र याहून अवघड होता. १८७७ साली पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर प्राचीन नाणी सापडली. शिशाची आणि मिश्र धातूची, चांगली जाड. एका बाजूस डोंगर आणि झाड, दुसऱ्या बाजूस बाण लावलेले धनुष्य. राजांची नावे तीन. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. आईच्या गोत्रावरून नाव सांगण्याची सातवाहनांचीच ही पद्धत. पण नाण्यावर बापाचे नाव नाही आणि साल तर नाहीच. या तिघांत आधीचा कोण?

या नाण्यांवर त्या काळी डॉ. कॉड्रिंग्टन, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पंडित भगवानलाल या तिघांनीही लिहिले. क्रम लावण्याचा उपाय नाण्यातच दडलेला होता. नवा राजा आला की तो कित्येकदा जुन्या राजाची नाणी वितळवीत बसत नसे. त्यांच्यावरच आपला ठसा मारून घेई. खालचा ठसा पुरता पुसला जात नाही, दोन-तीन अक्षरे डोकावत राहतात. शिवलकुराच्या ठशाखाली वासिष्ठीपुत्राची अक्षरे दिसतात आणि गौतमीपुत्राच्या ठशाखाली शिवलकुराची. म्हणजे वासिष्ठीपुत्र पहिला, शिवलकुर दुसरा आणि गौतमीपुत्र तिसरा. इतिहासाला एका पानाचाही कागद न मिळता तीन राजे ओळीने उभे राहिले ते असे! पुढे १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आढळला, तेव्हा या पद्धतीचे महत्त्व सर्वांना पटले. भगवानलाल मात्र ते पाहावयास नव्हते.

कोल्हापूरचे हे तीन राजे म्हणजे सातवाहनांचे सुभेदार होते की स्वतंत्र, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने हिप्पोकुरा नगरात राहणाऱ्या बलिओकुरोस राजाचा उल्लेख केला आहे. तो आपला विळिवायकुरच असावा, असे भांडारकरांनी दाखविले. या टेकडीचे पुढे १९४५-४६ मध्ये डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. खालच्या थरात सातवाहन काळातील विटांची घरे निघाली, तर वरच्या थरात बहमनी काळातील वस्ती आणि बहमनी नाणी. एकाच टेकडीच्या पोटात दोन निराळ्या लिप्यांची नाणी एकावर एक पडून होती.

येथे थोडे विषयांतर करतो. बहमनी, आदिलशाही किंवा मोगल नाण्यांवर राजाचे नाव, हिजरी साल आणि पुष्कळदा टांकसाळीचे गाव लिहिलेले असते. गुलबर्ग्याला अहसनाबाद आणि बीदरला मुहम्मदाबाद ही नावे नाण्यांवर येतात. ज्या मुलाला घरी वा मदरशात अरबी-उर्दू अक्षरांची ओळख झाली आहे, त्याला या नाण्यांचा निम्मा उलगडा आपसूक होतो. आमच्या पुष्कळ घरांतील पेटीत अशी तांब्याची नाणी पडून असतील. ती चिंचेने घासून चकचकीत करू नयेत. घासल्याने अक्षरे जातात आणि मग ती वाचण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. मुसलमान राजवटींच्या नाण्यांची शास्त्रशुद्ध यादी ब्रिटिश म्युझियमसाठी स्टॅन्ली लेन-पूल यांनी १८७५ ते १८९० या काळात दहा खंडांत केली. ज्या वर्षांत भगवानलाल वाळकेश्वरला क्षत्रपांची रांग लावीत होते, त्याच वर्षांत हे काम लंडनला चालू होते. कोल्हापूरच्या नाण्यांवर लिहिणारे डॉ. कॉड्रिंग्टन यांनीही पुढे १९०४ मध्ये मुसलमानी नाण्यांचे एक उपयुक्त मार्गदर्शक पुस्तक लिहिले.

१८८२ साली भगवानलालांनी ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे कॅम्बेल यांच्यासह उत्खनन केले. आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे. अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत ज्याला सुबारा म्हटले आहे तेच हे बंदर. तेथे बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखाली बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, आणि अशा एकात एक करंड्यांच्या शेवटी सोन्याचा. त्यात सोन्याची फुले व मातीच्या भांड्याचे काही तुकडे होते. त्या ठेव्यात चांदीचे एक लहानसे नाणे मिळाले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे, राजाच्या मुखवट्यासह. लोकांचे डोळे सोन्याकडे लागले असतील. भगवानलालांच्या दृष्टीने ते एक नाणे अधिक मोलाचे होते, कारण त्यावरून तो ठेवा कोणत्या राजाच्या काळापूर्वीचा असू शकत नाही हे ठरत होते. त्याच गावात त्यांना अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही मिळाला.

त्यांचे घरचे आयुष्य सुखाचे नव्हते. पत्नी आधीच वारली होती, मूलबाळ नव्हते. सततच्या प्रवासाने प्रकृती खालावली. शेवटच्या आजारातही क्षत्रपांवरील मोठा निबंध पुरा करण्याची त्यांची धडपड चालू होती. तो पुरा झाला नाही. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत ते वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

मृत्युपत्रात त्यांनी हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला आणि नाणी व शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिली. मथुरेचे सिंहशिल्पही लंडनला गेले. आपल्या मातीतील ठेवा परदेशी का दिला, असा प्रश्न आज कोणासही पडेल, आणि मलाही पडतो. पण त्या काळी मुंबईत अशी नाणी सांभाळून, त्यांची यादी करून, छापून काढणारी सार्वजनिक जागा कोणती होती? प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांस खुले झाले ते १९२२ साली. आपली नाणी सराफाच्या मुशीत जाऊ नयेत किंवा वारसांत वाटली जाऊ नयेत, एवढी काळजी त्या निपुत्रिक माणसाने घेतली. हे माझे अनुमान आहे. कोणी याहून निराळे म्हटले तर मी वाद घालणार नाही.

लंडनला ही नाणी रॅप्सन या तरुण अधिकाऱ्याच्या हाती आली. त्याने भगवानलालांचा अपुरा निबंध तपासून १८९० मध्ये त्यांच्याच नावाने प्रसिद्ध केला. मग १९०८ मध्ये सातवाहन, क्षत्रप व त्रैकूटक नाण्यांची मोठी सूची काढली. तिच्यात नाण्यांना ओळीने क्रमांक आहेत आणि नाणे कोणाच्या संग्रहातून आले याचीही नोंद आहे. आपली कोल्हापूरची धनुष्यबाणाची नाणीही त्यात आहेत. आजही लिलावाच्या सूचीत अशा नाण्यापुढे ‘रॅप्सन’ आणि पुढे आकडा लिहिलेला आढळतो.

रॅप्सनचा क्रमांक आणि ‘केएम’ क्रमांक यांत एक फरक आहे, तो छंद करणाऱ्यांनी समजून घ्यावा. रॅप्सनचा क्रमांक म्युझियमच्या कपाटातील त्या विशिष्ट नाण्याचा आहे; आपल्या हातातील नाणे त्याच्यासारखे आहे एवढेच आपण म्हणतो. ‘केएम’ क्रमांक मात्र त्या जातीच्या सर्व नाण्यांचा असतो, मग ती लाखो का असेनात. दोन्हींत एक अडचण सारखीच. क्रमांक छापून झाले आणि नंतर नवे नाणे सापडले, तर ते बसवायचे कोठे? अमेरिकन सूचीत त्यासाठी क्रमांकाला दशांश चिन्ह किंवा अक्षर जोडतात. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. एखाद्या नव्या वर्षाचे नाणे निघाले, तर दोन भावांचा क्रमच उलटा ठरू शकतो आणि सारी रांग नव्याने लावावी लागते. म्हणून रॅप्सननंतर मिचिनर यांनी आपले क्रमांक दिले, आणि नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेतर्फे अमितेश्वर झा व दिलीप राजगोर यांनी १९९४ मध्ये क्षत्रप नाण्यांचा नवा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचे क्रमांक निराळे. बहमनी व आदिलशाही नाण्यांसाठी आता गोरोन आणि गोयंका यांची २००१ ची सूची वापरतात. तिच्यात बहमनी नाण्यांचे आकडे ‘बीएच’ या अक्षरांनी सुरू होतात.

या सर्व सूच्यांवर नावे त्या त्या कर्त्यांची आहेत. भगवानलालांच्या नावाचा एकही क्रमांक नाही. त्यांनी सूची केलीच नाही, त्यापूर्वीच ते गेले. काठेवाडातील सराफाकडे अजूनही अधूनमधून क्षत्रपांची लहान चांदीची नाणी येतात. एखादे नाणे हाती आले, तर विद्यार्थ्याने पाकिटावर क्रमांक लिहिण्याची घाई करू नये. प्रथम भिंग घेऊन मस्तकामागची तीन चिन्हे पाहावीत. शंभराचे, दहांचे आणि एकमाचे. वर्ष लागले, की मग मागची बाजू फिरवून बापाचे नाव शोधावे.